जुन्या लेथच्या स्पिंडलमधील रनआउट : निदान, दुरुस्ती आणि मापनाची शिस्त

१. प्रस्तावना :

धातुकामाच्या क्षेत्रात लेथला ‘यंत्रांची जननी’ असे संबोधले जाते. इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास आटे कापणारा लोखंडी बांधणीचा लेथ प्रचारात आणला आणि तेव्हापासून इतर यंत्रांचे भाग तयार करणारे यंत्र म्हणून लेथचे स्थान कायम राहिले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना उभा राहिला व तेथील लेथ देशभरातील कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत पोहोचले. १९५३ साली बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. या काळात तयार झालेली अनेक यंत्रे आजही कामात आहेत.

मनमाड हे नाशिक जिल्ह्यातील महत्त्वाचे रेल्वे जंक्शन होय. १९०६ साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळात, येथे पुलांच्या पोलादी गर्डरांसाठी अभियांत्रिकी कार्यशाळा सुरू झाली. आज ती मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे. मनमाडच्या भोवताली नांदगाव, येवला, चांदवड व मालेगाव हे तालुके आहेत. शेतीपंप, ट्रॅक्टर, मालमोटारी आणि मालेगावचे यंत्रमाग यांच्या दुरुस्तीची गरज या परिसरात सतत असते. ही दुरुस्ती करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये नवा लेथ क्वचितच घेतला जातो, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेला लेथ चालवणे हाच नियम असतो.

अशा लेथविषयी कारागिरांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते, ‘स्पिंडल आउट आहे.’ हे वाक्य उच्चारले गेले की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर हेडस्टॉक उघडून बेअरिंग बदलले जाते किंवा यंत्र निकामी ठरवून भंगारात काढले जाते. महाविद्यालये व तांत्रिक संस्था यांच्या कार्यशाळांत तर निर्लेखनाच्या यादीत यंत्र समाविष्ट करण्यास एवढा एक शेरा पुरेसा ठरतो. वास्तविक ‘आउट आहे’ या दोन शब्दांखाली किमान पाच वेगवेगळे दोष येतात आणि त्यांपैकी काहींचा स्पिंडलशी मुळीच संबंध नसतो. प्रस्तुत लेखात या दोषांचे पृथक्करण कसे करावे व दुरुस्तीचा क्रम कोणता असावा, याचे विवेचन केले आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) रनआउट या संकल्पनेचा नेमका अर्थ स्पष्ट करणे.
२) साध्या उपकरणांच्या साहाय्याने दोषाचे मूळ शोधण्याची पद्धत मांडणे.
३) डायलवरील नोंदींचा अर्थ लावण्याची रीत उदाहरणांसह सांगणे.
४) दुरुस्तीच्या टप्प्यांचा योग्य क्रम व त्यामागील कारणमीमांसा देणे.

३. रनआउट : संकल्पना :

फिरणाऱ्या पृष्ठभागाला स्थिर डायल इंडिकेटर टेकवून एक पूर्ण फेरी दिली असता काट्याच्या सर्वाधिक व सर्वांत कमी नोंदींमधील जो फरक येतो, त्याला रनआउट म्हणतात. पृष्ठभाग गोल असून त्याचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून सरकलेला असेल, तर डायलवरील रनआउट त्या सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो. डायलवर ०.०४ मिमी दिसले, तर मध्य ०.०२ मिमीने सरकलेला आहे असे समजावे. हा दुपटीचा हिशेब विसरल्यामुळे पुष्कळदा दुरुस्ती करताना गरजेच्या दुप्पट भरपाई केली जाते.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. डायलवर दिसणारा रनआउट दोन अगदी भिन्न कारणांनी निर्माण होतो. पहिल्या प्रकारात स्पिंडल ज्या अक्षाभोवती फिरतो तो अक्ष स्थिर असतो, मात्र स्पिंडलचे नोज, आतील टेपर किंवा त्यावर बसवलेला चक त्या अक्षाशी समकेंद्री नसतो. याला ‘बैठकीचा दोष’ म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात फिरताना अक्षच जागा बदलतो. याला ‘अक्षाचा दोष’ म्हणता येईल आणि तो बेअरिंगशी निगडित असतो.

या दोन दोषांचा जॉबवर होणारा परिणाम वेगळा आहे. बैठकीचा दोष असलेल्या लेथवर चकमध्ये पकडलेला जॉब सुरुवातीला डगमगताना दिसतो, परंतु टूलचा पहिला कट पूर्ण होताच कापलेला भाग अक्षाशी समकेंद्री व गोल होतो. अडचण येते ती जॉब काढून उलटा पकडल्यावर, कारण तेव्हा दोन टोकांचे मध्य जुळत नाहीत. अक्षाचा दोष असेल, तर एकाच पकडीत कापलेला भागही खऱ्या अर्थाने गोल येत नाही आणि त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून ‘एकाच पकडीत जॉब गोल येतो का?’ हा निदानातील पहिला प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर मिळवताना एक फसगत संभवते. कापून झालेल्या जॉबवर, टूल जेथे होते त्याच बाजूला डायल लावला, तर काटा बहुधा स्थिर राहतो आणि यंत्र निर्दोष असल्याचा समज होतो. मात्र अक्ष दर फेरीला ठरावीक जागी जितका पुढे-मागे सरकतो, तितकाच टूल त्या जागी कमी-जास्त धातू काढतो. त्याच दिशेने पाहिले असता जॉबचा आकारदोष व अक्षाची हालचाल परस्परांना रद्द करतात. त्यामुळे जॉब यंत्रावरून काढून तपासणे भाग आहे. लंबगोल जॉब मायक्रोमीटरने निरनिराळ्या व्यासांवर मोजला की ओळखता येतो. मात्र तीन उंचवट्यांचा जॉब मायक्रोमीटरला फसवतो, कारण त्याचा व्यास सगळीकडे सारखाच भरतो. असा जॉब ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर ठेवून वरून डायल लावल्यास तोच दोष सुमारे दुप्पट मोठा दिसतो.

४. मान्य मर्यादा :

यंत्र स्वीकारण्यापूर्वी त्याच्या भौमितिक चाचण्या कोणत्या घ्याव्यात, याची पद्धतशीर मांडणी बर्लिन येथील प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केली. आजच्या मानकांचा पाया तोच आहे. सर्वसाधारण लेथसाठी आयएसओ १७०८ व त्याच धर्तीवरील भारतीय मानक १८७८ यांचा आधार घेतला जातो. मध्यम आकाराच्या सामान्य लेथसाठी स्पिंडल नोजच्या बाह्य बैठकीचा रनआउट ०.०१ मिमी, स्पिंडलची अक्षीय सरक ०.०१ मिमी, तर आतील टेपरमध्ये बसवलेल्या टेस्ट बारचा रनआउट नोजजवळ ०.०१ मिमी व तेथून ३०० मिमी अंतरावर ०.०२ मिमी इतका ग्राह्य मानला जातो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे ०.०१ मिमी लघुतम माप असलेला डायल या तपासणीस अपुरा आहे, कारण जी मर्यादा तपासायची तिच्याइतकाच त्याचा एक भाग असतो. ०.००१ किंवा ०.००२ मिमी लघुतम मापाचा डायल वापरावा. दुसरी म्हणजे या मर्यादा नव्या यंत्रासाठी आहेत. पंपाचा शाफ्ट किंवा ट्रॅक्टरची पिन फिरवणाऱ्या जुन्या लेथने त्या काटेकोरपणे पाळल्याच पाहिजेत असे नाही. कामाला किती अचूकता हवी हे आधी ठरवावे आणि त्यानंतरच यंत्राला दोष द्यावा.

५. निदानाची पद्धत :

निदानाचे मुख्य तत्त्व असे की, एका वेळी एकच घटक तपासावा व बाहेरचे घटक काढून टाकत आत जावे. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. हाताने फिरवून घ्यावयाच्या सर्व तपासण्या मुख्य विद्युतपुरवठा बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून अथवा पट्टा सैल करून कराव्यात.

(अ) पूर्वतयारी : हेडस्टॉकमधील तेलाची पातळी पाहून लेथ मध्यम वेगाने सुमारे अर्धा तास चालवावा. थंड व गरम स्थितीत बेअरिंगमधील सैलपणा वेगळा असतो, म्हणून काम ज्या तापमानाला चालते त्याच तापमानाला मोजणी करावी. मॅग्नेटिक बेस बेडवर किंवा कॅरेजवर घट्ट बसला आहे का, हे काट्याला हलकेच दाबून व सोडून पाहावे. काटा मूळ जागी परत आला नाही, तर पुढील सर्व नोंदी निरर्थक ठरतात.

(आ) चक उतरवणे : ही पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. तीन जबड्यांचा स्वयंकेंद्री चक चांगल्या स्थितीतही काही शतांश मिलिमीटर रनआउट दाखवतो. जबडे पुढच्या टोकाला झिजून कर्ण्यासारखे पसरलेले असतील किंवा मागची बॅकप्लेट दुसऱ्या यंत्रावर फिरवून आणलेली असेल, तर हा आकडा अधिक वाढतो. चकमधील पट्टीवर घेतलेल्या नोंदीवरून स्पिंडलविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

(इ) नोज व टेपर : नोजची बाह्य बैठक व आतील टेपर कापडाने पुसून, बोट फिरवून ओरखडे व उठाव तपासावेत. नंतर लिव्हर डायल प्रथम बाह्य बैठकीवर व मग टेपरच्या आत टेकवून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा.

(ई) टेस्ट बार : टेपरमध्ये टेस्ट बार बसवून नोजजवळ व ३०० मिमी अंतरावर नोंदी घ्याव्यात. बारमध्ये स्वतःचा दोष असू शकतो, म्हणून बार काढून प्रत्येक वेळी ९० अंशांनी फिरवून चार स्थितींत बसवावा आणि चार नोंदींची सरासरी घ्यावी. बारवर व नोजवर खडूने एकेक खूण केल्यास आणखी एक उलगडा होतो. उंच बिंदू बारच्या खुणेबरोबर फिरत असेल, तर दोष बारमध्ये आहे. तो नोजच्या खुणेपाशीच राहत असेल, तर दोष टेपरमध्ये आहे.

टेपरमधील कचऱ्याचा परिणाम किती मोठा असतो हे एका हिशेबावरून कळेल. टेपरची लांबी १३० मिमी असून तोंडापाशी एका बाजूला ०.०१ मिमीचा कण अडकला व बार आतल्या टोकावर टेकून तितका तिरपा झाला, असे समजू. समरूप त्रिकोणांच्या नियमाने ३०० मिमी अंतरावर मध्य ०.०३३ मिमी सरकतो आणि डायलवर ०.०६६ मिमी रनआउट दिसतो. मानकातील मर्यादेच्या तिपटीहून अधिक असलेला हा ‘दोष’ एका चिंधीने दूर होतो.

(उ) अक्षीय सरक : स्पिंडलच्या मध्यभागी बसवलेल्या प्लगच्या खोलगट केंद्रात पोलादी गोळी ठेवून तिच्यावर सपाट टोकाचा डायल टेकवावा. स्पिंडल हेडस्टॉकच्या दिशेने हलकेच दाबून धरून फिरवावा. येथे दिसणारी हालचाल थ्रस्ट बेअरिंगची असते. अशा लेथवर फेस केलेला पृष्ठभाग सपाट येत नाही व आट्यांचा पिच दर फेरीत कमी-जास्त होतो.

(ऊ) सैलपणा : डायल नोजच्या वरच्या बाजूला टेकवून, स्पिंडल न फिरवता, लाकडी दांड्याने नोज खालून वर उचलण्याचा प्रयत्न करावा. जोर काढल्यावर काटा परत येतो का, हे पाहावे. बुश असलेल्या हेडस्टॉकमध्ये तेलाच्या थरासाठी थोडी मोकळी जागा आवश्यकच असते. टेपर रोलर बेअरिंगमध्ये मात्र योग्य ताण दिलेला असल्यास मोकळी हालचाल आढळू नये. ग्राह्य आकडा त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा.

सैलपणामुळे चॅटर का होतो, हेही येथे समजून घेणे इष्ट ठरेल. नेहमीच्या पद्धतीने कापताना जॉब टूलला खाली दाबतो व टूल जॉबला वर उचलतो. हलक्या कटमध्ये चक व जॉब यांच्या वजनाने स्पिंडल बुशच्या तळाशी बसून राहतो, मोठ्या कटमध्ये तो वर उचलला जातो. या दोहोंच्या मधल्या कटमध्ये तो खाली-वर होत राहतो व पृष्ठभागावर लाटा उमटतात. कटची खोली बदलताच चॅटर नाहीसा होत असेल, तर सैलपणाची शंका घ्यावी.

६. नोंदींचे वाचन :

फक्त सर्वाधिक व सर्वांत कमी नोंद न घेता, नोजवर ४५ अंशांच्या अंतराने आठ खुणा करून प्रत्येक खुणेवरील नोंद लिहून ठेवल्यास निदान बरेच पुढे जाते. मायक्रॉनमध्ये घेतलेल्या पुढील दोन काल्पनिक मालिका पाहाव्यात.

पहिली मालिका : ०, ३, १०, १७, २०, १७, १०, ३
दुसरी मालिका : ०, ५, १०, ५, ०, ५, १०, ५

पहिल्या मालिकेत समोरासमोरच्या खुणांच्या नोंदींची बेरीज सर्वत्र २० येते. पृष्ठभाग गोल आहे, परंतु त्याचा मध्य १० मायक्रॉनने सरकला आहे, असा याचा अर्थ होतो. हा बैठकीचा दोष होय. दुसऱ्या मालिकेत समोरासमोरच्या नोंदी एकसारख्याच आहेत. येथे मध्य सरकलेला नाही, पृष्ठभाग लंबगोल झाला आहे किंवा बुशमध्ये फिरणारा स्पिंडलचा भाग झिजून लंबगोल झाला आहे. व्यवहारात दोन्ही दोष एकत्र आढळतात, तेव्हा समोरासमोरच्या नोंदींच्या फरकावरून मध्याची सरक व बेरजेवरून लंबगोलपणा वेगळा करता येतो. गणिताच्या परिभाषेत ही हार्मोनिक विश्लेषणाचीच प्राथमिक रीत आहे.

यापुढे एकाच खुणेवर सलग आठ-दहा फेऱ्यांच्या नोंदी घ्याव्यात. बैठकीच्या दोषात त्या खुणेवर प्रत्येक फेरीला तीच नोंद येते. नोंद दर फेरीला ०, ४, ७, ३, १, ५ अशी बदलत असेल, तर दोष रोलर बेअरिंगमध्ये आहे. याचे कारण बेअरिंगच्या गतिशास्त्रात आहे. रोलरांचा पिंजरा स्पिंडलबरोबर पूर्ण वेगाने न फिरता त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरतो. त्यामुळे लहान-मोठे किंवा खराब झालेले रोलर दर फेरीला नव्या जागी येतात आणि नोंदींची पुनरावृत्ती एका फेरीत होत नाही. हेडस्टॉक न उघडता बेअरिंगविषयी एवढी माहिती देणारी दुसरी सोपी चाचणी नाही.

अधिक सूक्ष्म मापनासाठी अमेरिकेतील रॉबर्ट डोनाल्डसन यांनी १९७२ साली मांडलेली उलट-मापन पद्धत प्रसिद्ध आहे. कसोटीचा गोळा व डायल दोन्ही १८० अंशांनी फिरवून दुसऱ्यांदा नोंदी घेतल्या की बेरीज व वजाबाकीने गोळ्याचा दोष आणि स्पिंडलचा दोष स्वतंत्र होतो. टेस्ट बार चार स्थितींत बसवण्याच्या साध्या रीतीतही उपकरणाचा दोष वेगळा काढण्याचाच विचार आहे.

७. दुरुस्ती : क्रम व कारणमीमांसा :

दुरुस्तीचा क्रम निदानाच्या क्रमाच्या उलट असतो. निदान बाहेरून आत जाते, दुरुस्ती आतून बाहेर येते. आधी अक्ष स्थिर करावा, नंतर बैठक सुधारावी व शेवटी चक. याचे कारण असे की, बैठक सुधारताना ती त्याच स्पिंडलवर फिरवून ग्राइंड केली जाते. बेअरिंग खराब असताना टेपर ग्राइंड केला, तर बेअरिंगचा दोष टेपरमध्ये कायमचा कोरला जातो व पुढे नवे बेअरिंग बसवल्यावर टेपर पुन्हा आउट ठरतो.

(अ) बुश असलेले हेडस्टॉक : जुन्या लेथमध्ये गनमेटलचे दुभागलेले किंवा बाहेरून निमुळते बुश आढळतात. दुभागलेल्या बुशमधील शिम दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचे काढावेत, एकाच बाजूचे काढल्यास बुशचा गोलाकार बिघडतो. निमुळता बुश नटाच्या साहाय्याने थोडा थोडा आत ओढावा. त्यानंतर स्पिंडलला मार्किंग ब्लूचा पातळ थर लावून फिरवावा व ज्या जागी रंग उमटेल ती उंच जागा स्क्रेपरने काढावी. रंगाचे ठिपके सर्वत्र सारखे विखुरलेले दिसेपर्यंत हे करावे लागते. स्पिंडलचाच भाग लंबगोल झाला असेल, तर बुश कितीही घट्ट केला तरी उपयोग होत नाही. अशा वेळी स्पिंडल बाहेर काढून दंडगोलाकार ग्राइंडिंग करणे व त्या मापाचा नवा बुश बनवणे हाच मार्ग उरतो.

(आ) रोलर बेअरिंग : अनेकदा बेअरिंग खराब झालेले नसते, केवळ त्याचा ताण कमी झालेला असतो. मागील लॉकनट सैल करून ताणाचा नट फेरीच्या लहानशा अंशाने आवळावा, उचलण्याची चाचणी पुन्हा घ्यावी व लेथ तासभर चालवून हेडस्टॉकचे तापमान पाहावे. बेअरिंगच्या जागी हात ठेवता येऊ नये इतकी उष्णता जाणवली किंवा तापमान स्थिर न होता वाढतच राहिले, तर ताण जास्त झाला असे समजून नट सैल करावा. घट्ट म्हणजे अचूक ही समजूत येथे महाग पडते, कारण अति ताणाने बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते.

(इ) बेअरिंग बदलणे : बदलणे अटळ असल्यास केवळ क्रमांक जुळवून बाजारातील सामान्य दर्जाचे बेअरिंग आणू नये. बेअरिंगच्या अचूकतेचे वर्ग असतात. सामान्य वर्ग पी-० असून लेथच्या स्पिंडलसाठी पी-५ किंवा त्याहून वरचा वर्ग योग्य ठरतो. पुढील व मागील बेअरिंगच्या चुकांचा नोजवर होणारा एकत्रित परिणाम पुढीलप्रमाणे काढता येतो.

नोजवरील चूक = पु × (१ + अ/ल) ± मा × (अ/ल)

येथे ‘पु’ व ‘मा’ या अनुक्रमे पुढील व मागील बेअरिंगच्या चुका, ‘ल’ हे दोन बेअरिंगमधील अंतर आणि ‘अ’ हे पुढील बेअरिंगपासून नोजपर्यंतचे अंतर होय. दोन्ही बेअरिंगचे उंच बिंदू विरुद्ध बाजूंना असतील तर अधिक चिन्ह व एकाच बाजूला असतील तर उणे चिन्ह घ्यावे. पुढील चूक १० मायक्रॉन, मागील २० मायक्रॉन व अ/ल हे गुणोत्तर ०.२ असल्यास, विरुद्ध बाजूंना बसवलेल्या बेअरिंगमुळे नोजवर १२ + ४ म्हणजे १६ मायक्रॉन चूक येते, तर एकाच बाजूला बसवल्यास १२ – ४ म्हणजे केवळ ८ मायक्रॉन. तीच बेअरिंगे केवळ योग्य जागी फिरवून बसवल्याने चूक निम्मी होते. तसेच पुढील बेअरिंगच्या चुकीचा भार मागील बेअरिंगपेक्षा सहापट आहे, हेही या उदाहरणातून दिसते. दोनपैकी अधिक अचूक बेअरिंग पुढे बसवावे, हा कारागिरांचा नियम यावरून सिद्ध होतो.

बेअरिंग काढताना व बसवताना हातोड्याचे घाव रोलरांमधून जाऊ देऊ नयेत. आतील कडी तेलात तापवून बसवणे सुरक्षित असते. घावांमुळे कड्यांवर पडलेले सूक्ष्म खड्डे नवे बेअरिंगही पहिल्याच दिवशी निकामी करतात.

(ई) नोज व टेपर : अक्ष स्थिर झाल्यावर पुन्हा मोजणी करावी. किरकोळ उठाव असतील, तर ते बारीक दगडाने काढावेत, पॉलिश पेपरने सर्व टेपर घासू नये. टेपर खरोखरच आउट असल्यास कम्पाउंड स्लाइड टेपरच्या कोनात लावून टूलपोस्ट ग्राइंडरने तो जागेवरच ग्राइंड करता येतो. मोर्स टेपर क्रमांक ५ मध्ये व्यास साधारण १९ मिमी लांबीला १ मिमी या प्रमाणात घटतो, म्हणजे स्लाइडचा कोन सुमारे दीड अंश येतो. ग्राइंडिंगची धूळ बेड व बेअरिंग यांत जाऊ नये म्हणून ओल्या कापडाने सर्व भाग झाकणे अत्यावश्यक आहे. शेवटी मार्किंग ब्लू लावलेला टेपर प्लग बसवून संपर्क तपासावा.

(उ) चक : बॅकप्लेटची बैठक त्याच स्पिंडलवर हलका कट घेऊन फिरवावी. जबडे झिजले असल्यास एखादी कडी पकडून, म्हणजे जबड्यांवर दाब असताना, ते जागेवरच ग्राइंड करावेत. याउपर राहिलेला रनआउट हा स्वयंकेंद्री चकचा स्वभाव समजावा. ज्या जॉबला अधिक समकेंद्रीपणा हवा, तो चार जबड्यांच्या स्वतंत्र चकमध्ये डायल लावून पकडावा.

८. दुरुस्तीची मर्यादा व शैक्षणिक उपयोग :

प्रत्येक जुना लेथ दुरुस्त करण्याजोगा असतोच असे नाही. हेडस्टॉकच्या बिडाला तडा गेला असेल, बेअरिंगची घरे झिजून मोठी झाली असतील किंवा बेडही मोठ्या प्रमाणावर झिजला असेल, तर खर्चाचा विचार करावा लागतो. हरिहरचा कारखाना एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. अशा उत्पादकांचे सुटे भाग आता बनवून घ्यावे लागतात. परंतु निर्लेखनाचा निर्णय मोजमापांच्या नोंदीवर आधारलेला असावा. नोज, टेपर, अक्षीय सरक, सैलपणा व चक या पाच बाबींचे आकडे एका कागदावर मांडले, तर समितीतील यंत्रशास्त्र न शिकलेल्या सदस्यालाही यंत्राची स्थिती कळू शकते. आज ती बहुधा एका शेऱ्यावरून ठरते आणि त्याबरोबर विद्यार्थ्यांच्या सरावाचे एक यंत्र कमी होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर व्यवसायाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्या काळात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष यंत्रावर किती तास मिळतात, यावर त्याचे कौशल्य व पुढील रोजगार अवलंबून असतो.

पदवी स्तरावरही हा विषय उपयुक्त आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपकरणाची चूक व वस्तूची चूक वेगळी करणे, सरासरी घेणे, आवर्ती फलनाचे घटक पाडणे या गोष्टी पुस्तकातून शिकवल्या जातात. खडूच्या आठ खुणा केलेला स्पिंडल त्याच गोष्टी तासाभरात प्रत्यक्ष दाखवतो. जवळच्या वर्कशॉपमधील अनुभवी कारागिराला अशा प्रात्यक्षिकासाठी बोलावल्यास त्याचे हातचे ज्ञान व महाविद्यालयातील गणित यांची भेट होईल. कानाने बेअरिंगचा आवाज ओळखणाऱ्या पिढीचे हे ज्ञान लेखी स्वरूपात फारसे आलेले नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे.

९. निष्कर्ष :

१) डायलवर दिसणारा रनआउट हे लक्षण आहे. त्यामागे बैठकीचा दोष किंवा अक्षाचा दोष असू शकतो व दोहोंचे उपाय भिन्न आहेत.
२) चक उतरवून, स्वच्छता करून व टेस्ट बार चार स्थितींत बसवून घेतलेल्या नोंदींशिवाय स्पिंडलला दोषी ठरवू नये.
३) नोंद दर फेरीला तीच येते की बदलते, यावरून बैठक व रोलर बेअरिंग यांतील भेद हेडस्टॉक न उघडता कळतो.
४) दुरुस्ती बेअरिंग, बैठक, चक याच क्रमाने करावी. क्रम उलटल्यास एक दोष दुसऱ्यात कायमचा उतरतो.
५) शैक्षणिक संस्थांनी लेथचे निर्लेखन करण्यापूर्वी पाच बाबींची मोजणी करून तिची नोंद प्रस्तावासोबत जोडावी.

मनमाडसारख्या गावात लेथ हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे व विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे साधन आहे. ते टिकवण्यासाठी लागणारा डायल, टेस्ट बार व खडू ही सामग्री बहुतेक कार्यशाळांत उपलब्ध असते किंवा थोडक्या खर्चात आणता येते. तिचा योग्य क्रमाने उपयोग करण्याची शिस्त अंगी बाणवली, तर आज भंगारात जाणारी बरीच यंत्रे पुन्हा कामावर येऊ शकतील.